बिनठसक्याचं तेल

आमच्या धंद्यात कुणाला ठसका लागला की बाकीचे खूश होतात. ऑलिव्हचं ताजं तेल चाखायची रीतच तशी आहे. निळ्या काचेचा पेला असतो, तेलाचा रंग बघून आधीच मत बनू नये म्हणून. तो तळव्यात धरून कोमट करायचा, वास घ्यायचा आणि मग बशीतला चहा भुरकतात तसं तेल तोंडात ओढायचं. गिळलं की घशाच्या पार मागे झोंबतं. एक ठसका लागला तर तेल बरं, दोन लागले तर फक्कड. त्या जळजळीतच तेलाचा गुण असतो, हे मी चाखणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते, नाहीतर बिचारे खोकून खोकून माझी माफी मागत बसतात.

तर या हंगामाच्या पहिल्या चाखणीला माझी सगळी मंडळी रांगेत बसली, त्यांनी भुरके मारले आणि शहाण्या मुलांसारखी माझ्याकडे बघत राहिली. कुणाचं हूं नाही की चूं नाही.

"काय हो, ठसका कुठे गेला?" मी विचारलं.

"लई ग्वाड त्याल हाय, मॅडम," शकुंतलाकाकू म्हणाल्या. "पाण्यावानी खाली गेलं."

"गोड? यंत्र म्हणतंय की आजवरचं सगळ्यात जहाल तेल आहे, आणि तुम्ही मला गोड सांगताय?" माझा आवाज चढला. तो लवकरच चढतो. सगळ्यांना ते ठाऊक असल्यामुळे कुणी मनावर घेत नाही.

सर्दी झाली असेल म्हणून मी फ्रिजमधला तुलनेसाठी ठेवलेला नमुना काढला. तो परदेशातून येतो आणि त्यानं भल्याभल्यांना रडवलंय. तोही यांनी ताकासारखा पिऊन टाकला. मग मात्र मी चिडून त्याच परदेशी तेलाचा पेला स्वतःच्या तोंडाला लावला. खरं तर मला तेलकट सोसत नाही. पित्ताशय काढल्यापासून मी घरातही फोडणीपुरतंच तेल खाते, तेही शेंगदाण्याचं. एक घोट घेतला आणि जो ठसका लागला, तो डोळ्यांतून घळाघळा पाणी येईपर्यंत थांबेना. काकूंनी उठून माझ्या पाठीवर थापट्या मारल्या.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "तुमचा घसा लई नाजूक हाय बघा."

नाजूक म्हणे! दुपारी जेवायला घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात धुसफुसत होते.

पुढचं सांगण्याआधी थोडं शास्त्र सांगते. ऑलिव्हच्या फळात फिनॉल नावाच्या कुळातली संयुगं असतात. झाड ती आपल्यासाठी बनवत नाही. कीड लागली, ऊन तापलं, पाणी तुटलं की स्वतःच्या बचावासाठी झाड ही कडू, जहाल द्रव्यं फळात भरतं. आपल्या पोटात गेल्यावर त्यातली काही रक्तातली चरबी खराब होऊ देत नाहीत, काही सूज उतरवतात. म्हणून बाटलीवर आरोग्याचा दावा छापायचा असेल तर तेलात फिनॉल पुरेसे आहेत, असं प्रयोगशाळेनं मोजून द्यावं लागतं. आमच्या तेल संघाची प्रयोगशाळा म्हणजे मी, रेवती नलवडे, मुक्काम माणदेश.

माणदेशात ऑलिव्ह कसं, असं पूर्वी लोक विचारायचे. थंडीची गरज नसलेलं, जनुकं बदललेलं रोप आलं तेव्हा पहिला मान आमच्या माळाला मिळाला, कारण इथे पाणी कमी. बागेला पाणी भरपूर मिळालं की फिनॉल उतरतात, बाग तहानली की चढतात. जमिनीत संवेदक पुरलेले आहेत. झाड मान टाकायच्या जेमतेम आधी थेंब सोडायचे आणि लगेच बंद करायचे, ही आमची शेती. दरवर्षी आकडा चढत होता आणि दरवर्षी आमचे संचालक आशुतोष घार्गे पेढे वाटत होते. आसपासच्या गावांत घरोघरी हेच तेल जात होतं. या वर्षी घार्गेसाहेबांना देशात कुठल्याच खाद्यतेलाला न मिळालेला दावा हवा होता: 'सांधेदुखीत गुणकारी'.

आणि दावा खरा आहे, असंच मला माझ्या घरात दिसत होतं.

आमचे धैर्यशीलराव तालमीचे वस्ताद. तरुणपणी त्यांनी मैदानं गाजवली, आणि चाळिशीनंतर दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला. मग आखाड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि पैलवानांना तोंडानं डाव सांगायचे. उठताना दोन्ही हात टेकायचे, दात आवळायचे आणि मी बघतेय असं दिसलं की उगाच कुणावर तरी ओरडायचे. संघाचं तेल रोज सकाळी प्यायला लागले, आणि दुसऱ्या हंगामात हा माणूस जोर-बैठका मारायला लागला. पहिल्यांदा मांडी घालून जेवायला बसले, तेव्हा मला भाकरी भाजता भाजता रडू आलं. खोटं कशाला सांगू, त्या बाटलीला मी मनातून हात जोडत होते.

त्या दुपारी ताटात त्यांनी स्वतः केलेला ठेचा होता. भाकरीला लावून मी घास घेतला आणि माझ्या कानातून वाफा निघाल्या.

"अहो, काय घातलंय यात? जीव घेताय का माझा?"

"अगं, मिरच्याच सपक यायला लागल्यात हल्ली," ते म्हणाले आणि चमचाभर ठेचा नुसताच तोंडात टाकला. "मूठभर जास्त घातल्या तरी तिखट म्हणून लागत नाहीत. तालमीतले सगळे तेच म्हणतात."

मी तांब्या तोंडाला लावून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम नव्हता, नाकाला पाणी नव्हतं. मिरची आणि ऑलिव्ह यांचा तसा काही संबंध नाही. पण दोन्हींचं झोंबणं शरीरातल्या एकाच जातीच्या मज्जातंतूंना कळतं, एवढं मी शिकलेली होते. ताट तसंच टाकून मी प्रयोगशाळेत परत गेले.

आमचं यंत्र तेलाचा अर्क एका बारीक नळीतून ढकलतं. प्रत्येक संयुग नळीच्या दुसऱ्या टोकाला आपापल्या वेळी पोचतं आणि पडद्यावर त्याचा एक सुळका उठतो. एकेक सुळका ओळखत बसायला सवड नसते, आणि प्रत्येकाचा शुद्ध नमुना मिळतोच असंही नाही. म्हणून आमची ठरलेली रीत अशी, की टायरोसॉल नावाचं एक साधं फिनॉल मापाला धरायचं, सगळ्या सुळक्यांची त्या मापात बेरीज करायची आणि एकच आकडा लिहायचा. एकूण फिनॉल. आकडा मोठा, तेल चांगलं. सगळेच असं करतात, आणि सगळेच करतात म्हटल्यावर कुणी मान वर करून बघत नाही.

मी बेरीज बाजूला ठेवून नुसते सुळके बघितले. अगदी शेवटी, जिथे सपाट रेघ असायला हवी, तिथे एक भलामोठा सुळका उभा होता. मागच्या हंगामांचे आलेख काढले. पहिल्या वर्षी तिथे बारीकसा उंचवटा होता, आणि जसजसं आम्ही पाणी तोडत गेलो तसतसा तो वाढत गेला होता. ओळखीची गुणकारी फिनॉल्स होती तिथेच होती, उलट थोडी घटलीच होती. चढत होतं ते हे बिननावाचं द्रव्य. तहानेनं कासावीस झालेल्या त्या बदललेल्या झाडानं काहीतरी नवंच बनवलं होतं, आणि आम्ही ते गुणात मोजत होतो.

तेवढाच भाग वेगळा काढून मी तो पेशींच्या पट्टीवर टाकला. हे उपकरण नवीन आहे. काचेच्या पट्टीवर मज्जातंतूंच्या जिवंत पेशी असतात. त्यांच्यावर बारीक दारं असतात. तिखट, जहाल, कढत काही आलं की दार उघडतं आणि मेंदूकडे वर्दी जाते. आपण जिला आग होणं म्हणतो, दुखणं म्हणतो, ती हीच वर्दी. परदेशी तेल टाकलं तर दारं उघडली आणि मिटली. आमचा नवा अर्क टाकला तर दारं मिटलेलीच अडकून बसली. वरून मिरचीचा अर्क टाकला, कढत पाणी सोडलं. सगळं शांत. पट्टी धुऊन पुन्हा पाहिलं, तरी शांत.

घार्गेसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग एकेक प्रश्न विचारला.

"पद्धत नियमाप्रमाणे आहे ना, मॅडम?"

"आहे."

"आकडा बरोबर आहे?"

"आकडा बरोबर आहे, पण..."

"आपण बाहेरून काही मिसळलेलं नाही? जे आहे ते फळातूनच आलंय?"

"हो."

"मग सही करायला अडचण कुठे आहे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अडचण अशी की हे तेल सूज उतरवतच नाहीये! सूज आहे तिथेच आहे, फक्त तिची वर्दी यायची बंद झालीय. तुम्ही दुखणाऱ्याला बरं करत नाही, त्याचं तोंड बांधताय."

घार्गे वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत. "माझी आई अंथरुणाला खिळली होती," ते म्हणाले. "आज ती देवळाच्या पायऱ्या चढते, पुजाऱ्याशी भांडून परत येते. तुमच्या काचेच्या पट्टीसाठी तिला पुन्हा खाटेवर घालू? आणि तुम्ही घालाल का धैर्यशीलरावांना खुर्चीत?"

विचार करून सांगते म्हणाले आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी वस्तादांनी तेल प्यायलं, तेव्हा मी तोंड दुसरीकडे केलं, आणि अडवलं नाही. अजून खात्री कुठे झालीय, असं मनाला सांगत होते.

खात्री लवकरच झाली. तालुक्याच्या दवाखान्यातून डॉ. इनामदारांचा फोन आला आणि मी तशीच तिकडे धावले. शकुंतलाकाकू 'पोट जरा जड वाटतंय' म्हणून स्वतः चालत आल्या होत्या. आतलं आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, केव्हाच फुटलं होतं आणि पोटभर पू झाला होता.

"या बाईनं गडाबडा लोळायला हवं होतं," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "पोट दाबलं तर मला म्हणते, गुदगुल्या होतात. माझ्याकडे या हंगामातली ही पहिली केस नाही, नलवडे मॅडम. परवा एक जण मोडलेल्या पायावर चालत आला, सूज दिसली म्हणून. हे चाललंय तरी काय तुमच्या गावांत?"

काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा, पण नेहमीसारख्या हसल्या. "उगाच ठिवून घेतलंय मला. दुखत न्हाई, खुपत न्हाई. पुढच्या चाखणीला येती बघा मी."

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. सकाळी त्या गेल्या. मी त्यांच्या सुनेच्या गळ्यात पडून रडले, आणि तिथून तशीच तालमीत गेले.

वस्ताद आखाड्यात होते. अंगाला लाल माती, समोर त्यांच्या निम्म्या वयाचा पैलवान, आणि त्याला पाठीवर घेऊन आपटत होते. सगळे वाहवा करत होते. इतका सुखी माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता, आणि मी त्याला मनगटाला धरून ओढत बाहेर काढलं.

"अगं, मला काय धाड भरलीय?" दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. "लोक काय म्हणतील? मातीनं भरलेला माणूस तपासायला आणलाय."

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, मग सोनोग्राफी केली, आणि ती पुन्हा एकदा करून पाहिली.

"धैर्यशीलराव, तुम्हाला हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय. काही महिने तरी झाले असतील. हृदयाचा खालचा भाग हलत नाहीये. त्या दिवशी छातीत जबरदस्त कळ आली असणार."

"छे हो," हे म्हणाले. "कळ कसली? एकदा जोर मारताना दम लागला होता खरा. आळस आला म्हणून मी आणखी मारले."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "दुसरा झटका येऊ शकतो. छातीत दुखलं की असाल तसे निघून या, असं मी प्रत्येकाला सांगतो. यांना काय सांगू?"

बाहेरच्या बाकावर बसून मी यांना सगळं सांगितलं. सुळका, पट्टी, काकूंचं पोट. ते मान खाली घालून हातावरची वाळलेली माती खरवडत होते.

"म्हणजे तेल सोडलं की परत खुर्ची."

"हो."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर एक दिवस तालमीतून मला फोन येईल. आणि तुम्हाला काही कळलेलंसुद्धा नसेल."

मग म्हणाले, "पोरं पाठीमागं म्हातारा म्हणायची, माहितीय तुला? आता नाही म्हणत." त्यांचा आवाज फुटला. मी लग्नानंतर यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. भर दवाखान्यात मी त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं आणि बाकीच्यांना बघायचं ते बघू दे म्हटलं. मला का नको होता धडधाकट चालणारा नवरा? मलाही हवाच होता. पण मला तो असायलाही हवा होता.

"सोडतो," ते म्हणाले. "तू मात्र अशी रडू नकोस."

मी सही केली नाही. कारण लिहून दिलं, आलेख जोडले. घार्गेसाहेबांनी तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे तीच पद्धत, त्यामुळे आकडाही तोच आला, आणि तिथल्या माणसानं सही केली. कुणी लाच घेतली नाही, कुणी खोटं लिहिलं नाही. माझ्या पत्रांना सभ्य उत्तरं आली, की मोजमाप नियमाला धरून आहे, आणि अज्ञात सुळक्याविषयी नियमात काही म्हटलेलं नाही. हंगाम संपायच्या आत पुण्यापासून नागपूरपर्यंत दुकानांतून हिरव्या पट्टीच्या बाटल्या लागल्या: 'सांधेदुखीत गुणकारी'. लोक नेऊ लागले, बरं वाटतंय म्हणू लागले, शेजाऱ्यांना सांगू लागले. मी बाजारात एका बाईच्या पिशवीतून बाटली काढून घेतली, तर तिच्या मुलानं मला वेडी ठरवलं. मी वेड्यासारखंच वागत होते, त्याचा काही दोष नाही.

निदान घरातून तेल गेलं. यांच्या रक्ताचा थेंब मी दर आठवड्याला यंत्रावर बघत होते. तो सुळका बुटका होत गेला आणि एक दिवस दिसेनासा झाला. तरी रोज सकाळी माझा एकच प्रश्न असायचा, "दुखतंय का हो?" आणि हे ओशाळून मान हलवायचे, नाही म्हणून. प्रत्येक नकाराला माझं तोंड उतरायचं. मला ते लपवता यायचं नाही.

मग एका सकाळी पलंगावरून उठताना यांनी गुडघा धरला. "आई गं," म्हणाले. "अगं, दुखतंय! उजवा धरलाय चांगलाच."

मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. नवऱ्याचा गुडघा दुखतोय म्हणून शिरा करणारी बाई जगात दुसरी नसेल. डॉक्टरांना फोन केला, तेही खूश झाले. हे पुन्हा लंगडायला लागले, पुन्हा खुर्ची आली, पुन्हा हात टेकून दात आवळणं आलं. रोज संध्याकाळी मी शेकायची पिशवी भरून द्यायची आणि हे "हळू गं, हळू" करायचे. कितीतरी दिवसांनी मी शांत झोपायला लागले. आता छातीत काही झालं तर यांना कळेल, एवढाच माझा हिशेब होता.

परवा पिशवी भरताना डॉक्टरांचा फोन आला. पुण्याच्या एका दवाखान्यातून त्यांना कुणी विचारलं होतं, न दुखणाऱ्या पोटांबद्दल. बोलण्याच्या नादात मी उकळतं पाणी तसंच पिशवीत ओतलं, तोंडाला धरून ती यांच्या उघड्या गुडघ्यावर ठेवली आणि बोलत बोलत अंगणात गेले. परत आले तर हे खुर्चीत टेकून बसले होते, कपाळाला आठ्या घालून.

"आई गं, आज फारच ठणकतोय," मला बघून म्हणाले.

पिशवी सरळ करावी म्हणून मी हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. तळवा भाजला होता. पिशवीला टॉवेल गुंडाळायचाच राहिला होता. मी तिचं तोंड धरून ती ओढली. खाली गुडघाभर कातडी लाल होऊन फुगली होती, एका बाजूला फोड फुटून पाणी ओघळत होतं. यांनी तिकडे पाहिलंही नव्हतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, मला बरं वाटतंय का ते.

यांच्या रक्तात तेल उरलं नव्हतं, ते मी स्वतः मोजलं होतं. दारं पुन्हा उघडलीच नव्हती. माझं तोंड उतरू नये म्हणून हा माणूस इतके दिवस खोटं लंगडत होता. हातातली पिशवी कुठे ठेवावी तेही मला सुचेना.

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं. माझी नजर गुडघ्यावरून हलेना, तेव्हा त्यांनी घाईघाईनं दुसरा गुडघाही धरला. "दुखतंय ना," ते म्हणाले. "खरंच. कालच्यापेक्षा जास्तच दुखतंय."